दोन तासांची विहीर

रात्रीची लाइन होती. आमच्याकडं शेतीच्या फीडरला काही दिवस दिवसा वीज मिळते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला कुणीतरी वावरात जाऊन बसावं लागतं. विहिरीवर ऑटो बसवलाय, लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. पण स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात टाकणं काही ऑटोला जमत नाही, आणि रानडुकरं हाकलणंही नाही. म्हणून डिसेंबर 2023 मधल्या एका रात्री मी यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या वावरात, बायकोची जुनी शाल पांघरून, स्टार्टरच्या पेटीला मोबाइल टेकवून एक अमेरिकन विनोदी मालिका पाहत बसलो होतो. घरून डाउनलोड करून नेली होती. वावरात नेटवर्क फक्त एका बोरीखाली येतं, आणि त्या बोरीखाली रात्री कुणी बसत नाही.

मालिकेचं नाव 'द गुड प्लेस'. मायकेल शूर तिचा कर्ता, 2016 ते 2020 या काळात ती एनबीसीवर चार सीझन चालली. कल्पना आपल्याला नवी नाही. माणूस जन्मभर जे करतो त्याचे गुण मांडले जातात, काही अधिक, काही उणे, आणि मेल्यावर बेरीज करून ठरतं, कोण चांगल्या जागी आणि कोण वाईट. चित्रगुप्ताचीच वही, फक्त तिचं मोठं ऑफिस झालंय.

मी पाहत होतो तो तिसऱ्या सीझनमधला भाग, नोव्हेंबर 2018 मध्ये दाखवलेला. त्यात डग फोर्सेट नावाचा एक म्हातारा आहे. हा तरुणपणी मशरूमच्या नशेत होता तेव्हा मेल्यावर काय होतं याबद्दल काहीबाही बरळला आणि ते 92 टक्के खरं निघालं! वरच्या ऑफिसात त्याची तसबीर टांगलेली आहे. आता तो कॅनडात, कॅलगरीजवळ एकटा राहतो. गुणांचं गणित त्याला कळलंय, त्यामुळं सगळं आयुष्य त्यानं त्या एकाच परीक्षेला लावलंय. वरच्या ऑफिसातला मायकेल आणि त्याची सहकारी जॅनेट त्याला भेटायला येतात. आदर्श माणूस पाहायला मिळणार म्हणून मायकेल नुसता हरखलेला.

दार उघडतं आणि समोर एक भेदरलेला जीव उभा. कुणी काही मागितलं तर नाही म्हणायची त्याला छाती नाही, न जाणो, गुण कटले तर. सांडपाणी शुद्ध करून तेच पितो. गावातलं एक कार्टं येतं आणि त्याला वाटेल तसं राबवून घेतं, आणि हा हसून राबतो. मग चुकून त्याच्या पायाखाली एक गोगलगाय चिरडते. माणूस कोसळतो. तिचा अंत्यविधी करतो, आणि गोगलगायींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला पैसे द्यायला कितीतरी लांब पायी जायची तयारी करतो.

मी एकटाच हसत होतो, मोठ्यानं. धुऱ्यापलीकडून शेजाऱ्याच्या जागल्यानं बॅटरी मारली.

या डगला त्या भागात 'हॅपिनेस पंप' म्हटलंय. तत्त्वज्ञानातली संज्ञा आहे ती. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख हाच चांगुलपणा, असं उपयुक्ततावाद सांगतो, आणि त्यावर घेतलेल्या आक्षेपांतला हा एक: मग असा माणूस निघेल, जो स्वतःचं सगळं सुख उपसून दुसऱ्यांच्या वावरात सोडेल आणि स्वतः कोरडा पडेल. सुखाचा पंप. तो शब्द मी ऐकला आणि त्याच वेळी माझ्या पंपाचा आवाज बदलला. विहिरीवर मोटर चालवणाऱ्याला हा आवाज झोपेतही कळतो. पाणी तळाला गेलं की मोटर घरघरते, पाइपातून हवा येते, नोझल थुंकल्यासारखे करतात. तेव्हा धावत जाऊन बटण दाबायचं असतं, नाहीतर मोटर जळते. मी धावलो. मोबाइल पेटीवरून खाली पडला.

आमची विहीर दोन तास चालते. दोन तास उपसा, मग तीन-चार तास थांबायचं, पाझर भरू द्यायचे, मग परत. शेजारच्या धुऱ्यावरची पाच तास चालते. पलीकडं एक आहे, ती पाऊण तासात दम टाकते. प्रत्येक विहिरीचा आकडा गावाला पाठ असतो, आणि दोन तास चालते म्हणून माझ्या विहिरीला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत.

*

2020 मध्ये पुण्यातली नोकरी सोडून मी गावी आलो तो लॅपटॉप घेऊन. तेवढंच निमित्त झालं. पहिल्यांदा शेजारचे काकाजी आले, पीएम किसानचा हप्ता काहून आला नाही ते पाहून दे म्हणाले. पाहिलं, आधार आणि बँकेतल्या नावात एका अक्षराचा फरक होता. तो निस्तरला. दोन हजार रुपये खात्यात पडले आणि काकाजींनी पारावर माझं नाव घेतलं. पुढच्या महिन्याभरात आमच्या ओसरीवर चपला मावेनात. सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणी, पोरांचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, निराधारचा अर्ज, कुणाचा गॅसचा नंबर, कुणाच्या जावयाची नोकरीची जाहिरात. 'भाऊ, ओटीपी आला, काय करू?' असा फोन मला रात्री अकरालाही यायचा, आणि मी उठून तो ओटीपी टाकायचो.

पैसे घेत नव्हतो. चहाही नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तेव्हा याचाच मला फार अभिमान होता.

आमच्या मागच्या गल्लीत एक काकी राहतात, नवरा नाही, दोन एकर कोरडवाहू. त्यांची पीएम किसानची केवायसी राहिली होती, आणि त्यांच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर जावयाचा, तो बंद पडलेला. म्हणजे अंगठ्याशिवाय इलाज नाही. मी त्यांना गाडीवर बसवून तालुक्याला नेलं. सेवा केंद्रावरच्या पोरानं अंगठ्याचं मशीन पुढं सरकवलं. अंगठा उठेना. पुन्हा ठेवला, नाही. दुसरा, नाही. 'पुढच्या आठवड्यात या.' पुढच्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या खेपेला मी घरून खोबरेल नेलं. नळावर त्यांचे हात धुतले, अंगठ्याला तेल चोळलं, माझ्या शर्टाला पुसलं. तो अंगठा मी तेव्हा नीट पाहिला. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी वर्षानुवर्षं ओरबाडलेला, त्यावर रेषा अशा उरल्याच नव्हत्या. चिरा होत्या, त्यांत मळ बसून काळ्या झालेल्या. कापूस वेचताना अंगठा आणि शेजारची दोन बोटंच बोंडात शिरतात. म्हणून मी म्हटलं, डाव्या हाताची अनामिका ठेवून पाहू. ती उठली. मशीनवर हिरवा दिवा लागला आणि काकी लहान पोरीसारख्या हसल्या.

बाहेर येऊन त्यांनी कनवटीची वीसची नोट काढली. चल, चहा पाजते म्हणाल्या. मी हात जोडले. 'राहू द्या काकी, त्यात काय.' त्यांनी नोट परत खोचली. गाडीवर बसताना मागून म्हणाल्या, 'तू काही घेतच नाही रे बाबू.' मला ते कौतुक वाटलं.

*

2023 च्या जुलैत आमच्या जिल्ह्यात 22 तारखेला जो पाऊस झाला, तो इथले लोक विसरणार नाहीत. महागाव तालुक्यातल्या आनंदनगरात पुरात अडकलेल्यांची सुटका करायला हेलिकॉप्टर आणावं लागलं होतं. आमच्याकडं नाल्यानं काठची जमीन खरवडून नेली, पऱ्हाट्या आडव्या झाल्या. पीक विमा त्याच खरिपापासून एक रुपयात झाला होता आणि मुदत होती 31 जुलै. पाऊस उघडला तसा सगळा गाव विम्याला लागला. सेवा केंद्राच्या चालकाला एका अर्जामागं विमा कंपनीकडून चाळीस रुपये मिळायचे, शेतकऱ्यानं फक्त एक रुपया द्यायचा होता. तरी वरून शंभर मागणारे होतेच. मग लोक माझ्याकडं आले. साहजिक आहे.

दिवसा सर्व्हर चालत नव्हता. रात्री एक ते पाच थोडा हलायचा. मी नऊ रात्री ओसरीवर बसलो. बासष्ट अर्ज भरले. मुदत तीन दिवस वाढली, 3 ऑगस्टपर्यंत, तेव्हा आणखी अकरा. त्र्याहत्तर. हा आकडा मला पाठ आहे, कारण चौऱ्याहत्तरावा माझा होता आणि तो राहिला.

कारण अगदी क्षुल्लक. आमचा सातबारा सामाईक आहे, भावाचं संमतीपत्र लागत होतं, भाऊ नागपूरला. त्याला फोन करायचा, कागद मागवायचा, अपलोड करायचा, एका संध्याकाळचं काम. दुसऱ्यांचे सोपे अर्ज आधी हातावेगळे करू, आपलं काय, घरचंच आहे, असं रोज म्हणत गेलो. 3 तारखेच्या रात्री साडेअकराला एक जण दुसऱ्या गावाहून आला, बायको बाळंतपणाला दवाखान्यात, आजच जमलं म्हणाला. त्याचा भरला. त्याची पावती निघाली तेव्हा बारा वाजून गेले होते.

ऑगस्ट-सप्टेंबरात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. नुसतं आमच्या वावरात नाही, विदर्भात बऱ्याच ठिकाणी. हिरवंगार रान आठ-दहा दिवसांत हळदीसारखं झालं. शेंगा धरल्या त्या पोचट. गावात विम्याच्या तक्रारी नोंदवायच्या होत्या. त्या तक्रारीसुद्धा मीच नोंदवल्या, इतरांच्या.

बायकोला सांगितलंच नव्हतं. तिला कळलं ते दुसऱ्या बाईकडून, चक्कीवर. घरी येऊन पिठाचा डबा खाली ठेवला आणि म्हणाली, 'त्र्याहत्तर घरांत माहं घर नव्हतं का?' एवढंच. ती भांडली असती तर मला बरं झालं असतं.

*

डग भीतीपोटी चांगला वागतो. मायकेल त्याला सांगून पाहतो, अरे, थोडं जगून घे. पण त्याला ते झेपत नाही; एवढं केलेलं वाया गेलं तर काय, या धास्तीनं तो पुन्हा आपल्या फेऱ्यात शिरतो. पाहताना वाटतं, काय येडा माणूस आहे. मग विहीर भरायची वाट पाहत अंधारात बसलं की वाटायला लागतं, आपण कशाला भीत होतो? नरकाला तर नाही. मी पारावरच्या एका वाक्याला भीत होतो: 'पुण्याहून आला तेव्हा बरा होता, आता बदलला.'

आणि खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती, चटकही होती. लोकांना आपल्याशिवाय जमत नाही याची एक नशा असते. काकींची वीसची नोट मी परत केली ती दयेनं नव्हे. ती घेतली असती तर हिशोब तिथंच मिटला असता, आणि मला तो मिटायला नको होता.

आमच्याकडं या विषयावर बोलायचं म्हणजे गाडगेबाबांचं नाव निघतंच. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा माणूस. त्या डिसेंबरातही 20 तारखेला गावात त्यांची पुण्यतिथी झाली, शाळेच्या पोरांनी खराटे घेऊन गल्ली झाडली, मी फोटो काढून दिले. बाबा 1905 मध्ये घर सोडून निघाले आणि पुढं पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा किती ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. गावात आले की आधी खराटा, मग भाकरी, फुकटची भाकरी नाही. बाबांच्या गोष्टी इथं शेंबड्या पोराला येतात. बाबांच्या बायकोचं नाव विचारा. कुंताबाई. त्या पुण्यतिथीला मी विचारलं होतं, मंडपातल्या दोघांनाच आलं, त्यातले एक निवृत्त गुरुजी. मी बाबांपुढं कुणीच नाही आणि तुलना करायची माझी लायकीही नाही. पण चक्कीवरून आलेला तो पिठाचा डबा आठवला की मला बाबांच्या आधी कुंताबाई आठवतात.

मालिकेत पुढं आणखी एक गंमत आहे. काही भागांनंतर कळतं की पाचशे एकवीस वर्षांत चांगल्या जागी एकही माणूस गेलेला नाही, आणि डगलाही तेवढे गुण जमत नाहीत. का, तर जग गुंतागुंतीचं झालंय. साधा टोमॅटो विकत घेतला तरी त्याच्या मागं विषारी फवारा, मजुराची पिळवणूक, तापलेलं हवामान, सगळ्याचे उणे गुण आपल्या खात्यावर. अमेरिकेत हा विनोद आहे. मी तो पाहिला यवतमाळात, जिथं 2017 च्या फवारणीच्या हंगामात विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षीच्या कापसाचा सदरा जगात कुणीतरी घातला असेल, त्याच्या खात्यावर किती उणे मांडायचे? तिथं मी थोडा वेळ मोबाइल बंद केला.

*

आमच्या भागात दोन शब्द आहेत, सावड आणि इर्जिक. इर्जिक म्हणजे एखाद्याचं काम अडलं, तर गावानं बैलजोड्या घेऊन एका दिवसात ते उरकायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. सावड त्याहून रोजची. आज मी तुझ्या निंदणाला, उद्या तू माझ्या. यात उपकार कुठं नाही. माझी माय सांगते, सावडीत एखादी बाई दिवस बुडवायला लागली की तिला सरळ सांगत, तुझे दोन दिवस बाकी हायत. न लाजता. कुणाच्या घरी सुतक असलं, बाळंतीण असली, तर दिवस पुढं ढकलत, सोडत मात्र नसत. मला लहानपणी हे फार हिशोबी वाटायचं. पुण्यात शिकून आलो तेव्हा तर मागासच वाटलं, चांगुलपणात कसला आलाय हिशोब!

2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली. महिन्याला पंधराशे रुपये. ओसरीवर पुन्हा चपला. पण या वेळी मी आधीच सांगून टाकलं, संध्याकाळी सहा ते आठ, दोन तास, त्यानंतर लॅपटॉप बंद. पहिल्या आठवड्यात दोघी-तिघी फुरंगटल्या. एक काकाजी तर पारावर ते वाक्य बोललेसुद्धा, जशाचं तसं. ऐकलं. जेवलो. झोपलो.

गल्लीतल्या एका बारावीच्या पोट्ट्याला मी अर्ज भरायला शिकवलं. हुशार पोरगं. तिसऱ्या दिवशी कळलं, ते अर्जामागं वीस रुपये घेतंय. मी तावातावानं त्याच्या घरी गेलो. ते शांतपणे म्हणालं, 'दादा, तुमच्याकडं लोक आधार घरी विसरून येतात. माह्याकडं सगळे कागद घेऊन येतात, अन् लाइनीत बसतात.' खरं होतं. माझ्याकडं चार-चार खेपा मारणारी माणसं त्याच्याकडं एका खेपेत मोकळी होत होती. वीस रुपये दिले की माणूस तोंड वर करून विचारतो, झालं का रे? मला तसं कुणी विचारत नव्हतं. ओशाळं हसून ओसरीच्या कडेला बसून राहायचे.

मी काही न बोलता परत आलो. रागातच होतो, पण कुणावर ते कळेना.

त्या वर्षी कापूस बरा होता आणि वेचायला बाया नव्हत्या. दहा रुपये किलोनंही मिळत नव्हत्या. नोव्हेंबरात बोंडं फुटून लोंबायला लागली, ढगाळ वातावरण, एक सर आली असती तर सगळं पिवळं पडलं असतं. मी आणि बायको दोघंच सकाळपासून लागलो होतो. नऊच्या सुमाराला धुऱ्यावर चौघी दिसल्या. पुढं काकी, मागं त्यांची सून आणि तिच्या दोन बहिणी, डोक्यावर डबे.

'कापूस फुटून खाली पडून रायला,' काकी म्हणाल्या, 'अन् हा बसला फारम भरत.'

ओट्या बांधून त्या तासांत, कपाशीच्या ओळींत, शिरल्यासुद्धा. मला बोलायला सवड नाही. काकींचे दोन्ही हात वेगवेगळ्या झाडांवर चालत होते, नजर तिसऱ्यावर. मी त्यांच्या शेजारची तास धरली होती. दुपारपर्यंत त्या दोन ओळी पुढं होत्या. जेवणाच्या सुट्टीत बायकोनं त्यांच्या डब्यातली अंबाडीची भाजी मागून घेतली, आणि आमची वांगी त्यांना दिली.

संध्याकाळी बाभळीला काटा टांगून गाठोडी मोजली. काकींचा चौतीस किलो. माझा एकोणीस. सून हसली. मी खिशातून पैसे काढले, चौघींचे मिळून हजाराच्या वर होत होते, आणि काकींनी माझं मनगट धरलं. तोच चिरा पडलेला अंगठा.

'पैसे ठेव. सावड होय ते.'

मी म्हणणार होतो, राहू द्या काकी, त्यात काय. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी नोटा परत खिशात घातल्या आणि सवयीनं वही काढून वजनं टिपायला लागलो.

'काय लिहून रायला?' काकींनी विचारलं.

'काही नाही. असंच.'

'असंच काहून? नीट लिही. सोळा फारमं भरले तू आमच्या घरचे. त्यातले किती फिटले अन् किती राहिले, ते मले माईत पायजे.'